वीस हाका

माझ्या भाचीचं नाव अनार्किया. १९३३ साली ती जन्मली तेव्हा नगरपालिकेतल्या कारकुनानं ते वळणदार अक्षरांत नोंदवहीत लिहिलं आणि वर तिच्या बापाचं अभिनंदनही केलं. जिरोनाजवळच्या आमच्या गावात त्या काळी यात विशेष काही नव्हतं. बूच कारखान्यातले कामगार मुलांचा बाप्तिस्मा करत नसत आणि संतांची नावंही ठेवत नसत. ज्या गोष्टी जगात याव्यात असं त्यांना वाटे, त्यांचीच नावं ते मुलांना देत. आमच्या गल्लीत एक लिबेर्ताद होती, म्हणजे स्वातंत्र्य. खालच्या आळीत एक अरोरा होती, म्हणजे पहाट.

अनार्कियाचा शब्दकोशातला अर्थ अराजक, बेबंदशाही. माझ्या बहिणीच्या घरात तो वेगळा होता. तिथे त्या शब्दाचा अर्थ होता, कुणाच्याही डोक्यावर कुणी बसलेलं नाही अशी व्यवस्था. माझे भावजी गावातल्या ब्रू बूच कारखान्यात, बुचाच्या झाडाची साल उकळणाऱ्यांच्या टोळीत होते आणि त्यांना या नावाचा फार अभिमान होता. ते म्हणायचे, "पोर्तुगालचे दलाल येतात, गॅलिसियाचे खलाशी येतात, माद्रिदचे साहेब येतात. प्रत्येकाची भाषा वेगळी, पण हा शब्द सगळ्यांचा एकच. माझी पोर लिस्बनपर्यंत चालत गेली तरी तिला नावाचा अर्थ कुणी विचारणार नाही."

नाव आखूड करायला त्यांनी बंदी घातली होती. "नाव म्हणजे काय दोरी आहे, कापून वापरायला?" असं ते म्हणत. त्यामुळे माझी बहीण फिदेला रोज दुपारी आणि संध्याकाळी गॅलरीत उभी राहून पूर्ण नावानं हाक मारायची. आवाज मोठा होता तिचा. चार वर्षं दिवसातून दोनदा आमच्या गल्लीत हा शब्द घुमत होता आणि कुणीही मान वर करून पाहत नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं, जेवण तयार आहे.

१९३९च्या फेब्रुवारीत, यादवी युद्धात आमची बाजू हरली तेव्हा, भावजी डोंगर ओलांडून फ्रान्समध्ये गेले. समुद्रकाठच्या एका छावणीतून त्यांचं एक पत्र आलं, नंतर नाही. मार्चमध्ये फिदेलाला पकडलं. कामगारांच्या शाळेचं वाचनालय ती चालवत होती, हा तिचा गुन्हा. तिला जिरोनाच्या तुरुंगात ठेवलं आणि पोर माझ्याकडे राहिली. मी बार्सेलोनाला रसायनशास्त्र शिकले होते. १९३६च्या वसंतात पदवी मिळाली. मग त्याच कामगारांच्या शाळेत अडीच वर्षं शिकवलं. आता शाळा बंद होती आणि मी कारखान्यात बुचं निवडायला बसत होते. भोकं किती, रेषा किती, रंग कसा हे पाहून प्रत्येक बूच सात टोपल्यांपैकी एकीत टाकायचं. माझा हात चांगला होता.

मे महिन्यात हुकूम निघाला. नव्या राज्याला न शोभणारी मुलांची नावं साठ दिवसांत बदलून घ्यायची. त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट आली, ती कुठे लिहिलेली आम्ही पाहिली नाही पण तिचा परिणाम पाहिला. ज्यांचे आईबाप तुरुंगात किंवा परागंदा आहेत अशा मुलांना सांभाळणारं माणूस भरवशाचं आहे की नाही, हे पाहायला बार्सेलोनाहून एक बाई येऊ लागल्या. जूनमध्ये त्या लिबेर्तादकडे आल्या. नाव बदललेलं होतं, कागद व्यवस्थित होते. बाईंनी मुलीला सहज विचारलं, "तुझं नाव काय, बाळ?" तिनं जुनं सांगितलं. चार दिवसांनी तिला घेऊन गेले. तिची आजी तीनदा चौकशीला गेली. तिला सांगितलं, मुलगी उत्तम ठिकाणी आहे, आता तुम्ही काळजी करू नका. पत्ता दिला नाही.

तेव्हापासून मला नीट झोप लागली नाही.

बाप्तिस्म्यासाठी अठरा जुलै ही तारीख मिळाली. नाव काय ठेवायचं याची मी यादी करून नेली होती. पाद्रीबाबांनी ती वाचलीच नाही.

"आज संत सिन्फोरोसाचा दिवस आहे," ते म्हणाले. "सिन्फोरोसा."

"बाबा, जरा सोपं..."

"सात मुलगे होते तिला. सगळ्यांनी श्रद्धेसाठी प्राण दिले."

पोर माझा हात धरून उभी होती. "सातही मेले?" तिनं विचारलं.

"सातही," पाद्रीबाबा म्हणाले.

"मग तिला हाक कोण मारायचं?"

मी तिचा हात दाबला. पाद्रीबाबांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. मला ते कळलं नाही आणि पुढे आठवडाभर मी त्याच विचारात होते.

बाप्तिस्म्यात मुलीची जबाबदारी घेणारी धर्ममाता म्हणून कोण उभं राहणार, हा प्रश्न होता. माझ्या ओळखीच्या बायकांपैकी कुणी चाललं नसतं. पाद्रीबाबांनीच नाव सुचवलं, एन्ग्रासियाबाईंचं.

एन्ग्रासियाबाई आमच्या समोरच्या घरात राहत. त्यांचा भाऊ चर्चमध्ये घंटा वाजवायचा आणि मेणबत्त्यांचं पाहायचा. १९३६च्या ऑगस्टमध्ये, चर्च जाळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, चार माणसं मोटार घेऊन आली आणि त्याला घेऊन गेली. जिरोनाच्या रस्त्यावर तो सापडला. मोटारीच्या दारावर कुठल्या संघटनेची अक्षरं रंगवली होती, ते साऱ्या गावाला माहीत होतं. भावजी त्या माणसांत नव्हते. पण ते त्याच संघटनेचे होते आणि त्यांनी तोंड उघडलं नाही, हेही सगळ्यांना माहीत होतं. तेव्हापासून एन्ग्रासियाबाई आमच्याशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या. आता कुणाच्या वर्तणुकीचा दाखला हवा असला की हवालदार त्यांचं मत विचारत असे.

त्या आल्या. काळे कपडे, हातात मेणबत्ती. पोरीच्या डोक्यावर पाणी पडलं तेव्हा त्यांनी तिच्या मानेखाली हात धरला. निघताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "केस नीट पुसून घे. कान दुखेल तिचा." तीन वर्षांतलं हे पहिलं वाक्य. त्या इतक्या जवळ का आल्या, याचं मला एकच कारण सुचत होतं. जवळून नीट दिसतं.

कारखान्यात माझ्या शेजारी रोसेन्दा बसायची. ती म्हणाली, "रेमेई, नाव कसलं काढलंय ते. हाक पूर्ण होईपर्यंत पोरीची मसुरीची आमटी गार व्हायची."

"गार तर गार."

"आणि तू हाक मारतेस ती कशी, माहीत आहे? हळू. दबकत. कुणाचं तरी पाकीट मारल्यासारखी."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि बरोबर आहे म्हटल्यावर ते मोजायला हवं होतं.

मी वीस हरभरे घेतले आणि उजव्या खिशात ठेवले. दिवसभरात वीस वेळा पोरीला नव्या नावानं हाक मारायची. ती वळली की एक दाणा डाव्या खिशात. संध्याकाळी डावा खिसा मोजायचा. कागदावर काही लिहायचं नाही, कारण कागद सापडतो. तिलाही काही सांगायचं नाही. सांगितलं तर ती मला खूश करायला वळेल आणि आकडा खोटा येईल.

पहिल्या दिवशी अकरा. पण त्यातल्या बहुतेक वेळी तिचं तोंड माझ्याकडे होतं, म्हणजे ते धरता येत नव्हते. दुसऱ्या दिवसापासून मी फक्त पाठीमागून हाक मारू लागले. तीन. आठवड्यानं चार. तीन आठवड्यांनी, ती नुसती बसलेली असेल तर दहा-अकरा, आणि खेळत असेल तर दोन. खेळात ती इतकी बुडायची की नवं नाव तिच्या कानावरून वाऱ्यासारखं जायचं. तिला ऐकू येत होतं. ते आपल्याला आहे, हे तिच्या अंगाला कळत नव्हतं.

एकदाच मी तुलनेसाठी जुनी हाक मारली. घराचं दार लावून, आतल्या खोलीच्या उंबऱ्यावरून, ओठांतल्या ओठांत. ती बाहेरच्या खोलीत पाठमोरी गारगोट्या मांडत होती. मी अर्धा शब्दही उच्चारला नव्हता तेवढ्यात तिची मान वळली.



समोरासमोरचं उत्तर मात्र तिला पाठ झालं होतं. आमच्याकडे मोठ्या माणसानं नाव विचारलं की मुलांनी नाव सांगून पुढे "देवाच्या आणि आपल्या सेवेला" असं म्हणायचं असतं. तिच्या घरात हे कुणी शिकवलं नव्हतं. भावजी म्हणत, सेवा कसली, नाव विचारलंय की कामावर ठेवायचंय? मी ते तिला शिकवलं. ती गुडघा किंचित वाकवून म्हणायची, "सिन्फोरोसा, देवाच्या आणि आपल्या सेवेला." मग विचारायची, "मावशी, हे खोटं आहे ना?"

"नाही. हे नाव आहे."

"मग आधीचं?"

"आधीचं आधीचं होतं."

"बाबा म्हणाले होते, नाव कधी लपवायचं नाही."

मी म्हटलं, "बाबांना पत्र येईल तेव्हा आपण विचारू." पत्र बाबांना नाही, बाबांचं यायचं असतं, हे तिला बरोबर कळत होतं. चूक मी केली होती.

ऑगस्टच्या दहा तारखेला, दुपारच्या सुट्टीत, बार्सेलोनाच्या त्या बाई, कासिल्दाबाई, कारखान्यात आल्या.

त्या घरी येतील असं मी धरून चालले होते. घराची मी तयारी केली होती. भिंतीवर क्रूस, टेबलावर प्रार्थनेचं पुस्तक, पोरीला दाराकडे तोंड करून बसवायची खुर्ची. पण त्या थेट कारखान्याच्या फाटकातून आत आल्या. बरोबर हवालदार होता आणि दोन पावलं मागे एन्ग्रासियाबाई. कासिल्दाबाई नीटनेटक्या होत्या. नव्या सत्ताधारी पक्षाचा निळा सदरा, पांढरे हातमोजे, आवाज मऊ. लिबेर्तादला घेऊन गेल्या त्या ह्याच.

"तुम्ही रेमेई विलार्देल ना? उठू नका, जेवा तुम्ही," त्या म्हणाल्या. "मुलगी कुठे आहे?"

"इथेच आहे, बाईसाहेब. अंगणात खेळतेय."

"वा. खेळणारी मुलं मला आवडतात. बोलवा बरं तिला."

आमच्या कारखान्याचं अंगण लांबट आहे. एका बाजूला सालीच्या गंजी, छपराएवढ्या उंच. दुसऱ्या टोकाला उकळणीची कढई. कढई म्हणजे जमिनीत बसवलेला तांब्याचा चौकोनी हौद, खाली भट्टी. सालीचे गठ्ठे तासभर उकळले की साल मऊ होते आणि सपाट करता येते. कढईभोवती पूर्वी लोखंडी कठडा होता. युद्धाच्या अखेरच्या महिन्यांत लोखंड गोळा केलं तेव्हा तो काढून नेला आणि परत कुणी बसवला नाही. त्या दिवशी उकळणी चालू होती. गडी जेवायला बसले होते आणि पाणी मात्र खदखदत होतं. वारा समुद्राकडून होता, त्यामुळे वाफ सरळ वर न जाता अंगणात जमिनीलगत पसरली होती.

पोर कढईकडे पाठ करून चालली होती. उलटी. तिनं सालीचा एक वाकडा तुकडा होडीसारखा घेतला होता, त्याला सुतळी बांधली होती आणि त्यात गारगोट्या बसवल्या होत्या. गारगोट्या म्हणजे प्रवासी. प्रवासी पडू नयेत म्हणून ती त्यांच्यावर नजर ठेवून, एकेक पाऊल मागे टाकत, होडी ओढत होती. ती कढई तिच्या पूर्ण ओळखीची होती. बाप तिथे कामाला असताना ती रोज डबा घेऊन यायची आणि कठड्याला टेकून उभी राहायची. कठड्याला पाठ लागली की थांबायचं, एवढंच तिच्या अंगाला माहीत होतं.

मी फाटकाजवळ होते. मध्ये साधारण चाळीस मीटर. तिच्या मागे सात-आठ पावलं उरली होती. तिचं एक पाऊल सुमारे एका सेकंदाचं. मी जोरात धावले तरी मला आठ सेकंदांहून जास्त लागणार होते. हा हिशेब मी नंतर बसून केलेला नाही. तो त्याच क्षणी माझ्या डोक्यात पूर्ण होता, आणि त्याच्या शेजारीच दुसरा आकडा होता. खेळात असताना, पाठीमागून, वीसपैकी दोन.

"सिन्फोरोसा," मी ओरडले आणि धावले.

तिनं एका गारगोटीला बोटानं सरळ केलं आणि पाऊल मागे टाकलं.

"सिन्फोरोसा. थांब. थांब."

गंजीजवळ गाडीवान होता. तो दिवसभर खेचराला हेच सांगत असतो. खेचर थांबलं. पोर थांबली नाही.

जुना शब्द माझ्या तोंडात होता. मला तो जिभेवर जाणवत होता, पदार्थ जाणवावा तसा. माझ्या मागे निळा सदरा होता, हवालदार होता. मी तो शब्द उच्चारला की पोर वाचेल आणि चार दिवसांनी तिला घेऊन जातील. नाही उच्चारला तर. मी धावत होते आणि तोंड उघडं होतं आणि त्यातून तिसऱ्यांदा पुन्हा सिन्फोरोसाच बाहेर आलं.

तेवढ्यात माझ्या मागून हाक आली. "अनार्किया."

फिदेलाची हाक होती ती. तोच चढ, शेवटी तोच लांबवलेला सूर. क्षणभर मला वाटलं, बहीण सुटून आली. पोरीचं पाऊल हवेत होतं ते तिथेच राहिलं. तिनं मान वर केली, मग वाफ पाहिली, मग आपल्या टाचेमागे पाहिलं. टाचेपासून कढईच्या काठापर्यंत माझी वीत मावली असती. मी पोचले आणि तिला उचललं. सुतळी तिच्या हातातून सुटली नव्हती. होडी उलटली आणि गारगोट्या अंगणात पसरल्या.

जेवणाऱ्या बायकांचे हात तोंडाशी थांबले होते.

"कोण ओरडलं?" हवालदारानं विचारलं.

रोसेन्दानं मान खाली घातली. गाडीवानानं खेचराच्या कानात काहीतरी पाहायला सुरुवात केली.

"मी," एन्ग्रासियाबाई म्हणाल्या.

"तुम्ही, बाई?"

"समोरच्या गॅलरीतून चार वर्षं रोज दोनदा हेच ऐकलंय मी. काय ओरडायला हवं होतं? तुमचं नाव घेतलं असतं तर तुम्ही वळला असतात, पोर नव्हे."

"पण तो शब्द सार्वजनिक ठिकाणी..."

"हवालदार," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. "त्या शब्दापायी माझा भाऊ गेला. तो शब्द काय आहे ते मला शिकवू नका."

हवालदारानं टोपी काढली, आतला घाम पुसला आणि परत घातली. एन्ग्रासियाबाईंना तो काही करू शकत नव्हता, हे अंगणात सगळ्यांना दिसत होतं. पण कासिल्दाबाईंची नजर त्यांच्यावर नव्हतीच. त्या हातमोजा काढत माझ्याकडे चालत येत होत्या.

"खाली ठेवा तिला," त्या म्हणाल्या.

मी ठेवलं.

कासिल्दाबाई खाली वाकल्या. "घाबरलीस ना, बाळ? तुझं नाव काय?"

लिबेर्तादला त्यांनी असंच विचारलं होतं. पोरीचा चेहरा पांढरा पडला होता. आत्ताच ती जुन्या नावावर वळली होती. ते नाव अजून हवेत होतं, अंगणातल्या प्रत्येकाच्या कानात होतं. वीसपैकी किती, असं मनात आलं. घाबरलेल्या मुलीची मोजणी मी कधी केली नव्हती.

तिनं गुडघा वाकवला.

"सिन्फोरोसा, देवाच्या आणि आपल्या सेवेला."

"छान. मग मावशीनं सिन्फोरोसा म्हटलं तेव्हा तू थांबली नाहीस. आणि दुसऱ्याच नावाला वळलीस. असं का बरं?"

पोरीनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं एन्ग्रासियाबाईंकडे पाहिलं.

"मावशी सारखीच हाका मारते," ती म्हणाली. "दिवसभर. पण धर्ममाता कधी ओरडत नाहीत. त्या ओरडल्या म्हणून मी पाहिलं, त्यांना काय झालं."

कुणीतरी खोकलं. कासिल्दाबाई उभ्या राहिल्या, त्यांनी वही काढली आणि काहीतरी लिहिलं. एका ओळीपेक्षा जास्त.

"मुलगी हुशार आहे," त्या मला म्हणाल्या. "फारच हुशार. तूर्त राहू द्या तुमच्याकडे. नाताळच्या आधी मी पुन्हा येईन. आणि त्या कढईला काहीतरी आडोसा करा, बरं दिसत नाही ते."

त्या गेल्या. हवालदार त्यांच्यामागे गेला. भोंगा झाला आणि बायका आपापल्या टोपल्यांपाशी परतल्या. पोर जमिनीवर बसून गारगोट्या वेचू लागली. एन्ग्रासियाबाई अजून फाटकाला धरून उभ्या होत्या. मी त्यांच्याजवळ गेले. आभार मानायचे होते.

"मान खाली घालू नकोस, लोक बघतायत," त्या म्हणाल्या. "रविवारी तिला माझ्याकडे पाठव. प्रार्थना शिकवते. नाताळपर्यंत तिला सगळ्या यायला हव्यात." मग आवाज खाली आणला. "तू का नाही मारलीस हाक?"

मी गारगोट्या वेचणाऱ्या पोरीकडे पाहिलं.

"तोंडाला काय बूच बसलं होतं?"

"त्या घेऊन गेल्या असत्या तिला."

"हाडं घेऊन गेल्या असत्या मग," त्या म्हणाल्या आणि निघाल्या.

संध्याकाळी ऊन अजून गॅलरीत होतं. मी आत मसूर निवडत होते. पोर माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि हात पुढे केला.

"दाणे दे."

"कसले?"

"खिशातले. मी वळले की तू इकडचा तिकडे टाकतेस. मला माहीत आहे." मग तिनं विचारलं, "आज किती?"

मी सांगितलं, आज मोजले नाहीत.

"मग आता मोजू. पण नव्या नावाचे नाही, जुन्या नावाचे. तू हाक मार, मी वळणार नाही. नाही वळले की एक दाणा."

"कशाला?"

"त्या बाई परत येणार आहेत ना," ती म्हणाली. "आज मी चुकले. तू किती घाबरलीस."

तिनं गॅलरीचं दार लावलं, खिडकी लावली, आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. हात बाजूला सरळ, शाळेतल्यासारखे. तू चुकली नाहीस, असं मला म्हणायचं होतं. तू चुकली नाहीस म्हणूनच आज आहेस. पण तसं म्हटलं तर ती उद्याही वळेल, परवाही वळेल, आणि नाताळच्या आधी कुणीतरी ते पाहील. मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि कुठलीच बाजू बरोबर निघेना.

"मार ना," ती भिंतीला म्हणाली.

मी हाक मारली. अगदी हळू. तिची मान हलली, तिनं ती परत जागेवर आणली. "हा धरू नकोस," ती म्हणाली.

दुसऱ्या हाकेला खांदा हलला. तिसरीला फक्त कान हलल्यासारखा वाटला. सहावीनंतर तिनं डोळे मिटून घेतले असावेत, कारण काचेतून आलेल्या उन्हात भिंतीवर पडलेली तिची सावली अगदी स्थिर झाली. मी खाली टाचांकडे पाहू लागले. मानेवर ताबा ठेवता येतो, टाचांचं लक्षात राहत नाही. नवव्या हाकेला डावी टाच किंचित उचलली गेली. दहाव्या हाकेलाही. चौदाव्या हाकेला नाही. त्यानंतरच्या कुठल्याच हाकेला नाही.

मध्येच मला फिदेला दिसली. तिची शिक्षा बारा वर्षांची आहे. ती सुटेल, बसमधून चौकात उतरेल आणि एका उंच मुलीच्या पाठीमागून हाक मारेल. तिला दुसरी कुठली हाक माहीतच नाही. तोवर कढईला आडोसा झाला असेल की नाही, कोण जाणे.

"किती झाल्या?" पोरीनं विचारलं.

"एकोणीस."

"एक राहिली."

शेवटची हाक मी मोठ्यानं मारली. दार बंद असताना मारता येईल तितक्या मोठ्यानं, फिदेलासारखा सूर लांबवून. ती वळावी असं मला फार वाटत होतं आणि ती वळेल याची भीतीही तेवढीच होती.

समोरच्या गॅलरीत काहीतरी वाजलं. एन्ग्रासियाबाईंनी आपली खिडकी लावून घेतली होती.

पोर भिंतीकडे तोंड करून उभीच होती. टाचा जमिनीला चिकटलेल्या.

"मावशी," ती म्हणाली, "आता मला माझ्या नावानं जेवायला बोलव."

मी दाणे डाव्या खिशात टाकले आणि तिला सिन्फोरोसा म्हणून हाक मारली. ती लगेच वळली.